सर हम्फ्री डेव्ही आणि चुन्यातील धातू

ज्याचे अहमदनगर हे जुने नाव जाऊन २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्या आमच्या जिल्ह्यात चुना ठाऊक नाही असे घर सापडावयाचे नाही. काळ्या रानात नांगर खोल गेला की पांढुरके खडे वर येतात, ते चुनखडीचे. विहिरीचे पाणी तापविल्यावर भांड्याच्या तळाशी जे पांढरे पुट बसते, ज्याच्या योगाने साबणास फेस येत नाही आणि डाळ शिजता शिजत नाही, तेही मुख्यतः त्याच जातीचे. आजोबांच्या पानाच्या डब्यातील चुना, फराहबागेच्या पडक्या महालावर अद्याप टिकून राहिलेला गिलावा, १९५० साली लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्यात उसाच्या तापलेल्या रसात मळी काढण्याकरिता सोडतात ते चुन्याचे पाणी, ही सर्व एकाच कुळातील मंडळी होत. गवंडी, कुंभार, रंगारी, वैद्य यांनी हजारो वर्षे हा पदार्थ हाताळला. परंतु त्या ठिसूळ, मातकट ढेकळाच्या पोटात चांदीसारखा चकाकणारा धातू दडलेला आहे, हे त्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. तो धातू १८०८ साली ज्या पुरुषाने प्रथम वेगळा करून दाखविला, त्याचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहो.

हम्फ्री डेव्ही याचा जन्म इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकास, कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झन्स या बंदराच्या गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी झाला. बाप लाकडावर नक्षी कोरणारा कारागीर होता. घरात पाच मुले; हम्फ्री सर्वांत थोरला. तो सोळा वर्षांचा होण्यापूर्वीच, १७९४ साली, बाप वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. आईने हिंमत धरून गावात स्त्रियांच्या टोप्यांचे व कापडाचे दुकान घातले, आणि पुढल्याच वर्षी थोरल्या मुलास बोर्लेस नावाच्या वैद्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून दिले. औषधे कुटणे, गाळणे, बाटल्या भरणे हे त्याचे काम. शाळेत त्याने काही विशेष चमक दाखविली होती असे नाही. गोष्टी सांगणे, कविता रचणे आणि मासे धरणे यांतच त्याचा जीव अधिक रमे. परंतु औषधालयातील कुपी आणि मुशी हाती येताच त्याचा स्वभाव पालटला. १७९७ च्या अखेरीस लाव्हाझिए या फ्रेंच पंडिताचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हाती पडला. तो वाचून अवघ्या काही महिन्यांत हा एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्यास कोणी शिक्षक नव्हता व ज्याची प्रयोगशाळा म्हणजे माळ्यावरची खोली होती, ग्रंथकाराच्या मतांशी वाद घालू लागला.

हा लाव्हाझिएचा ग्रंथ १७८९ सालचा. त्याची आठवण वाचकांनी ठेवावी, कारण आमच्या कथेचे बीज त्यातच आहे.

ब्रिस्टल येथे डॉक्टर बेडोज यांनी निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे होतात की काय, हे पाहण्यासाठी एक संस्था काढली होती. तेथे १७९८ च्या ऑक्टोबरात डेव्हीस नोकरी मिळाली. वायू रोग्यांस देण्यापूर्वी स्वतःवर आजमावून पाहावयाचे, असा त्याचा खाक्या. नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून त्यास हसू लोटले, दुखणारा दात दुखेनासा झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी या वायूचा उपयोग व्हावा असे त्याने १८०० साली छापूनही ठेवले. परंतु त्या सूचनेकडे कोणी लक्ष दिले नाही आणि आणखी चव्वेचाळीस वर्षे रोगी शुद्धीवर असताना कापले जात राहिले. दुसऱ्या एका प्रसंगी कार्बन मोनॉक्साइडयुक्त विषारी वायू छातीत भरून घेऊन तो मरता मरता वाचला. हे धाडस आम्हांस स्तुत्य वाटत नाही, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी त्याचे अनुकरण तर मुळीच करू नये. तथापि माणूस कोणत्या धातूचा होता हे त्यावरून कळते.

१८०१ साली त्यास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने बोलावून घेतले व पुढील वर्षी रसायनशास्त्राचा प्राध्यापक केले. खेड्यातून आलेल्या या तरुणाची वाणी अशी काही रसाळ होती, की त्याच्या व्याख्यानांस सरदार-दरकदार, त्यांच्या स्त्रिया, व्यापारी यांची रीघ लागे आणि अल्बेमार्ल रस्त्यावर गाड्यांची दाटी होई. सभ्य समाजात बोलावणी येऊ लागली. या मानाने तो सुखावला हे खरे. परंतु व्याख्यान आटोपले की तो तळघरातील प्रयोगशाळेत उतरे, आणि तेथे त्याच्याभोवती जे जमले होते ते लोकांच्या टाळ्यांहून अधिक मोलाचे होते.

ती नवी सामग्री म्हणजे विजेची घटमाला. इटलीतील व्होल्टा याने १८०० साली जस्त व तांबे किंवा चांदी यांच्या चकत्यांमध्ये खाऱ्या पाण्याने भिजविलेले तुकडे घालून अखंड वाहणारी वीज निर्माण करण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षी इंग्लंडात या विजेने पाण्याचे दोन वायूंत विघटन झाले. डेव्हीच्या मनाने घेतले की, ज्या बलाने पदार्थाचे कण एकमेकांस धरून बसतात ते बल विजेचेच असले पाहिजे. मग विजेनेच ते का सुटू नयेत? १८०६ च्या नोव्हेंबरात त्याने हा विचार रॉयल सोसायटीपुढे मांडला. इंग्लंड व फ्रान्स यांचे त्या वेळी हाडवैर, युद्ध पेटलेले. तरी फ्रान्सच्या विद्वत्सभेने नेपोलियनने ठेवलेल्या बक्षिसातून ३००० फ्रँकांचे पारितोषिक या शत्रुराष्ट्रातील माणसास दिले.

१८०७ च्या ६ ऑक्टोबर रोजी त्याने किंचित ओलसर केलेल्या पोटॅशमधून जोरदार वीज सोडली. ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले आणि त्यांतील काही फट्‌दिशी पेट घेऊन जळून गेले. हाच पोटॅशियम. डेव्हीचा चुलतभाऊ त्या वेळी त्याच्या मदतीस होता. तो पुढे सांगत असे की, हे पाहून प्राध्यापकमहाशय प्रयोगशाळेत अक्षरशः नाचू लागले. काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यातून सोडियम निघाला. सुरीने कापता येणारे, पाण्यावर तरंगणारे आणि पाण्यातच पेटणारे धातू त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.

आता लाव्हाझिएच्या ग्रंथाकडे वळू. जुने रसायनज्ञ अग्नीने न वितळणाऱ्या, न जळणाऱ्या व पाण्यात फारसे न विरघळणाऱ्या पदार्थांस मृत्तिका म्हणत. त्यांपैकी काही मृत्तिकांच्या अंगी सोडा व पोटॅश या अल्कलींसारखे गुण दिसत: त्या जिभेस चुरचुरत, आम्लाचा आंबटपणा मारीत, वनस्पतीचे रंग पालटीत. म्हणून त्यांस अल्कधर्मी मृत्तिका म्हणू लागले, आणि त्यांच्यातील धातूंस आज शाळेच्या पुस्तकांत अल्कधर्मी मृदा धातू हे जे लांबलचक नाव आहे ते येथूनच आले. चुना ही त्यांतील सर्वांत जुनी ओळखीची. मॅग्नेशिया तिच्याहून निराळी आहे हे एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकाच्या मध्यास दाखविले. जड असलेली बॅराइटा शेलेने १७७४ साली ओळखली. स्ट्रॉन्शिया ही स्कॉटलंडमधील स्ट्रॉन्शियन गावच्या शिशाच्या खाणीतील दगडात १७९० च्या सुमारास सापडली. लाव्हाझिएने त्या काळी ज्ञात असलेल्या मृत्तिका आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांच्या कोष्टकात घातल्या खऱ्या. परंतु जाता जाता शंकाही नोंदविली की, हे बहुधा प्राणवायूने गच्च धरून ठेवलेले धातू असावेत, केवळ कोळशाने ते सोडवता येत नाहीत इतकेच. ही शंका तपासून पाहण्यास तो उरला नाही. १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला.

लोखंडाच्या खनिजात कोळसा घालून भाजले की कोळसा प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. चुन्याच्या भट्टीतही कोळसा असतो, मग कॅल्शियम का निघत नाही? भट्टीतल्या चुनखडीतून सुमारे ९०० अंश उष्णतेस कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो कळीचा चुना राहतो. या छप्पन्न किलोंत चाळीस किलो धातूच असतो! परंतु उरलेल्या सोळा किलो प्राणवायूने त्यास अशी मिठी मारलेली असते, की गवंड्याच्या भट्टीतील कोळशाने ती सुटत नाही. गवंडी रोज धातूच्या ढिगावर बसून असतो आणि त्यास तो दिसत नाही.

डेव्हीने ही मिठी विजेने सोडविण्याचे ठरविले, पण मध्येच त्याच्यावर घाला आला. १८०७ च्या नोव्हेंबरात पोटॅशियमवरचे व्याख्यान देऊन तो जो अंथरुणास खिळला, तो कित्येक आठवडे. न्यूगेटच्या तुरुंगातील हवा शुद्ध करण्याचा उपाय सांगण्यास तो गेला होता, तेथेच ज्वराची बाधा झाली असे कोणी म्हणत. वैद्यांच्या मते अतिश्रम हेच कारण. प्रकृतीची चौकशी करणाऱ्यांची इन्स्टिट्यूशनच्या दाराशी इतकी गर्दी होई, की दिवसातून अनेकदा वार्तापत्र लावावे लागे. १८०८ च्या वसंतात तो पुन्हा उभा राहिला आणि मृत्तिकांच्या मागे लागला.

येथे त्याची गाठ फार हट्टी शत्रूशी पडली. पोटॅश थोड्या उष्णतेने वितळते आणि वितळले की त्यातून वीज वाहते. चुना कोणत्याही भट्टीत वितळेना आणि कोरड्या चुन्यातून वीज जाईना. तो ओला करावा, तर वीज प्रथम पाण्यालाच फोडी. आणि चुन्यातून धातूचा कण चुकून सुटलाच, तर तो जवळच्या पाण्याशी संयोग पावून पुनः चुना होऊन बसे. डेव्हीने चुन्यात पोटॅश मिसळून पाहिले, लोखंडाची तार लावून पाहिली, निरनिराळ्या धातूंचे ऑक्साइड मिसळून पाहिले. क्षणभर काहीतरी चमके, बुडबुडे येत आणि हाती राख राही. काहीतरी आहे हे कळत होते. ते दाखविता येत नव्हते.

अशा स्थितीत जून महिन्यात स्टॉकहोमहून एक पत्र आले. लिहिणारा बर्झेलियस नावाचा स्वीडिश प्राध्यापक, डेव्हीहून वयाने काही महिन्यांनी लहान. त्याने व तेथील राजवैद्य पाँटिन याने मिळून असा प्रयोग केला होता की, ऋण टोकाशी प्लॅटिनमची तार न ठेवता पाऱ्याचा थेंब ठेवावयाचा. सुटलेला धातू जन्मतःच पाऱ्यात विरघळतो आणि पाण्यापासून बचावतो. युक्ती किती साधी! मासळी पकडावयास हातांऐवजी जाळे लावण्यासारखी. डेव्हीने ती तत्काळ उचलली आणि तिला स्वतःच्या अनुभवाची जोड दिली. ओलसर मृत्तिकेत पाऱ्याचा तांबडा ऑक्साइड मिसळून त्याने तो गोळा प्लॅटिनमच्या पत्र्यावर ठेविला, मध्ये खळगा करून त्यात पारा घातला, पत्रा धन टोकास आणि पारा ऋण टोकास जोडला. पाऱ्यात धातू जमला. मग ते मिश्रण नॅप्थ्याची वाफ भरलेल्या काचनळीत तापवून पारा उडवून दिला. मागे चांदीसारखा जो लहानसा अंश राहिला, तो हवेत उघडा टाकताच पांढरा पडून पुनः मृत्तिका झाला. चुन्यातून निघालेला धातू परत चुना झाला, याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

३० जून १८०८ रोजी हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला. चार नवे धातू एकदम जगापुढे आले. जड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बेरियम, स्कॉच खेड्याच्या नावावरून स्ट्रॉन्शियम, चुन्याच्या लॅटिन नावावरून कॅल्शियम आणि चौथा मॅग्नियम, ज्यास पुढे मॅग्नेशियम म्हणू लागले. या निबंधात डेव्हीने बर्झेलियसच्या पत्राचा स्पष्ट उल्लेख केला आहे. कीर्तीच्या शिखरावर बसलेल्या माणसाने, दूरच्या देशातील अपरिचित तरुणाकडून आपणास वाट सापडली, हे चारचौघांत मान्य करावे, ही गोष्ट आम्हांस त्या चार धातूंहून लहान वाटत नाही. हाती आलेला धातू मात्र अत्यल्प होता आणि त्यातून पाऱ्याचा शेवटला अंश घालविणे फार कठीण गेले. बऱ्या प्रमाणात व शुद्ध कॅल्शियम मिळण्यास बुन्सेन व माथिसेन यांच्या १८५५ च्या प्रयोगांची वाट पाहावी लागली.

या भावंडांचे स्वभाव पाहण्यासारखे आहेत. त्यांत १८२८ साली वोलर व ब्युसी या दोघांनी स्वतंत्रपणे वेगळा केलेला बेरिलियमही घेतला पाहिजे. या प्रत्येकाच्या अणूच्या अगदी बाहेरच्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन असतात. संयोग होताना अणू ते दोन देऊन टाकतो. म्हणून सगळ्यांच्या संयुगांची घडण सारखी. परंतु बेरिलियमपासून मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम असे खाली उतरू लागले की अणू मोठा होत जातो, बाहेरचे इलेक्ट्रॉन मध्यापासून लांब पडतात आणि ते सोडण्याची आतुरता वाढते. बेरिलियमला पाण्याचे काहीच वाटत नाही. मॅग्नेशियम थंड पाण्यात जवळजवळ स्वस्थ बसतो, पण वाफेत पेटतो. कॅल्शियम थंड पाण्यात संथपणे बुडबुडे सोडतो, स्ट्रॉन्शियम त्याहून जोराने, आणि बेरियम तर उसळतच सुटतो.

त्यांच्या संयुगांतही अशीच उतरंड आहे, मात्र कोठे ती वर चढते आणि कोठे खाली येते. मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात दहाबारा मिलिग्रॅमच विरघळते. चुन्याचे सुमारे पावणेदोन ग्रॅम, म्हणून तर चुन्याची निवळी करता येते व तीत नळीने फुंकले असता ती दुधाळ होते. बॅराइटा त्याच्या वीसपटीहून अधिक विरघळते. आता सल्फेटे पाहा, तेथे सगळे उलटे. जुलाबासाठी देत ते एप्समचे मीठ मॅग्नेशियमचे सल्फेट. ते पाण्यात झटकन विरते. जिप्सम हे कॅल्शियमचे सल्फेट. ते लिटरला दोनअडीच ग्रॅम. बेरियमचे सल्फेट दोनअडीच मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या हजारावा हिस्सा. बेरियमची विरघळणारी संयुगे विषारी असता क्ष-किरणांनी पोट तपासण्यापूर्वी डॉक्टर हेच सल्फेट रोग्यास निर्धास्तपणे पाजतात, ते याच कारणाने. ते पाण्यात विरतच नाही, मग अंगात भिनणार कसे?

दिवाळीच्या दारूकामातील लालभडक ज्योत स्ट्रॉन्शियमची, हिरवी बेरियमची, डोळे दिपविणारी पांढरी मॅग्नेशियमची. आणि चुना ज्योतीत धरला तर विटकरी तांबडा रंग येतो. जर्मनीतील डोबेरायनरने आणखी एक गंमत हेरली. कॅल्शियमचा अणुभार ४० आणि बेरियमचा १३७. त्यांची बेरीज निम्मी केली तर साडेअठ्ठ्याऐंशी येतात, आणि स्ट्रॉन्शियमचा अणुभार जवळजवळ तितकाच, सुमारे ८८ आहे. अशा त्रिकुटांवरचा त्याचा निबंध १८२९ साली निघाला. मेंडेलेव्हच्या १८६९ च्या कोष्टकाची ती एक पायरी होय. मात्र सृष्टी शिक्षकांच्या सोयीसाठी घडलेली नाही हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात धरावे. वितळण्याची उष्णता व घनता यांत ही उतरंड नीट लागत नाही. मॅग्नेशियम ६५० अंशांवर वितळतो, त्याच्या खालचा कॅल्शियम ८४२ अंशांवर. आणि कॅल्शियम वजनाने मॅग्नेशियमहूनही हलका भरतो. परीक्षेत येथेच पुष्कळांचे गुण जातात.

डेव्हीने शेतकऱ्यांसाठीही काम केले, हे आमच्या जिल्ह्यातील पालकांस वाचून बरे वाटेल. शेतकी मंडळापुढे त्याने कित्येक वर्षे व्याख्याने दिली आणि १८१३ साली ती पुस्तकरूपाने छापली. जमिनीत चुना का घालावा, कोणत्या जमिनीत घालू नये, हे त्याने रसायनशास्त्राच्या आधारे सांगितले. त्याच्या देशातील जमिनी आंबट, त्यांस चुना हवा. आमच्या काळ्या जमिनींत तो मुळातच आहे, त्यांस तो घालणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे. परंतु प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखाली ज्या जमिनी पाणी मुरून चोपण झाल्या, त्यांवर जिप्सम टाकण्याचा जो उपाय शेतकीशास्त्र सांगते, तो याच कुळातील गुणांवर उभा आहे. चोपण मातीच्या कणांस सोडियम चिकटलेला असतो. त्याचा कण एकाच विद्युत्भाराचा, कॅल्शियमचा दोन भारांचा. म्हणून कॅल्शियम मातीस अधिक घट्ट धरतो, सोडियमला हुसकून लावतो, आणि मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर चराने निघून जातो. जिप्सम पुरेसे विरघळते म्हणूनच हे घडते. बेरियमच्या सल्फेटाकडून ते कधी झाले नसते. आणि निचऱ्याचे चर नसले तर जिप्समही काही करू शकत नाही, हे शेतकरी आमच्याहून चांगले जाणतात.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. १८१० साली क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे त्याने सिद्ध केले. १८१२ च्या एप्रिलात त्यास सर ही पदवी मिळाली, आणि तीनच दिवसांनी त्याने एका श्रीमंत विधवेशी विवाह केला. त्याच वर्षी प्रयोगशाळेतील एका स्फोटाने त्याच्या डोळ्यास इजा झाली. लिहिण्यास मदतनीस हवा होता, तो मिळाला मायकेल फॅरडे. पुस्तके बांधणाऱ्या दुकानातील हा गरीब उमेदवार. त्याने डेव्हीची व्याख्याने ऐकून टिपणे काढली, ती स्वतः बांधून त्याच्याकडे धाडली आणि १८१३ च्या मार्चपासून तो इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरीस लागला. १८१२ साली फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत वायूचा भडका होऊन ९२ माणसे व मुले मेली होती. १८१५ साली डेव्हीने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवून असा दिवा केला की, ज्वाला जाळीतून बाहेर जाऊ नये. त्याचे पेटंट घेऊन त्यास अपार पैसा मिळविता आला असता. त्याने ते घेतले नाही. खाणवाल्यांनी १८१७ साली कृतज्ञतेने त्यास चांदीची भांडी नजर केली.

१८२० साली तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. कारागिराच्या मुलास याहून मोठा मान इंग्लंडात नव्हता, आणि येथेच त्याच्या चरित्रावर एक डाग पडला. फॅरडेची कीर्ती वाढू लागली होती. सोसायटीचे सभासदत्व त्यास मिळावे असे अनेकांनी सुचविले, तेव्हा अध्यक्षानेच विरोध केला. १८२४ च्या जानेवारीत फॅरडे तरीही निवडून आला. विरुद्ध मत एकच पडले आणि ते कोणाचे असावे याविषयी लोकांस शंका नव्हती. सोळा वर्षांपूर्वी ज्याने बर्झेलियसचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले, त्याच्याच हातून हे घडावे! चरित्रकार या गोष्टीची अनेक कारणे देतात: दुसऱ्या एका शास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून उठलेला वाद, ढासळती प्रकृती, मानाची चटक. आम्हांस ती सर्व खरी वाटतात, आणि ती सर्व मिळूनही पुरेशी वाटत नाहीत.

१८२६ च्या अखेरीस त्यास पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले आणि प्रकृतीसाठी युरोपात फिरत, नद्यांकाठी मासे धरीत, लिहीत शेवटचे दिवस काढले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो निवर्तला. तेथेच त्यास पुरले. मूलबाळ नव्हते.

खाणवाल्यांनी दिलेली ती चांदीची भांडी त्याच्या इच्छेप्रमाणे धाकट्या भावाच्या मागे रॉयल सोसायटीकडे गेली. ती वितळवून आलेल्या रकमेतून रसायनशास्त्रातील उत्तम शोधासाठी एक पदक ठेवण्यात आले. १८७७ पासून ते देण्यात येऊ लागले. १९०३ साली ते पिएर व मारी क्युरी या पतिपत्नींस मिळाले, त्यांच्या रेडियमवरील संशोधनाबद्दल. रेडियम हा बेरियमच्या खालचा, त्याच घराण्यातील सर्वांत जड भाऊ. बेरियमशी त्याचे गुण इतके जुळतात, की टनावारी खनिजातून बेरियमबरोबर बाहेर पडलेला हा अत्यल्प अंश वेगळा करण्यास मारीबाईंना कित्येक वर्षे लागली. तोवर हाती होती ती केवळ त्याची संयुगे. धातू कोणी पाहिला नव्हता. १९१० साली पिएर हयात नव्हते. मारीबाईंनी देबिएर्न यांच्या साहाय्याने रेडियमच्या क्लोराइडच्या द्रावणातून वीज सोडली, ऋण टोकाशी पारा ठेविला आणि मग तो पारा तापवून उडवून दिला. मागे पांढरा चकचकीत धातू राहिला, आणि हवा लागताच काळा पडला.